ईएल३४ बसवण्याआधी पाच नंबरच्या पिनवर मीटर लावा

विचारणा थोडक्यात अशी आहे. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरी मोठे बाबांनी अमेरिकेहून आणलेला, ट्यूबवर चालणारा डायनाको एसटी-७० अ‍ॅम्प्लिफायर आहे. बरीच वर्षं बंद होता. स्टेप-डाऊन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावून चालू केला तर डाव्या चॅनेलमधल्या एका ईएल३४ आउटपुट ट्यूबची प्लेट (आतला धातूचा पत्रा) लाल झाली, म्हणून लगेच बंद केला. आता चार नव्या, जुळवलेल्या ईएल३४ मागवल्या आहेत. त्या घालून मॅन्युअलप्रमाणे १.५६ व्होल्टवर बायस (ट्यूबचा विश्रांतीतला करंट ठरवणारी जुळणी) लावला की झालं का? आणि बर्डीवरचे (सीताबर्डीतले) एक दुकानदार म्हणतात तशी ६एल६ त्याच बेसमध्ये घातली तर चालेल का?

६एल६चं आधी संपवतो. ६एल६जीसी त्या बेसमध्ये बसते, हीटरलाही (ट्यूब तापवणाऱ्या तारेलाही) कमी करंट घेते, म्हणून दुकानदार सांगतात ते अगदीच निराधार नाही. पण तिला ग्रिडवर ईएल३४पेक्षा बरंच जास्त उणे व्होल्टेज लागतं आणि या अ‍ॅम्पचा बायस सप्लाय तिथपर्यंत पोचेलच असं नाही. नाही पोचला तर तीही लाल होईल. केटी८८ तर नकोच. तिचा हीटर १.६ अँपिअर घेतो आणि एसटी-७०चा पॉवर ट्रान्सफॉर्मर चार ईएल३४ चालवतानाच भरपूर तापतो. ईएल३४, तिचीच अमेरिकन बहीण ६सीए७, किंवा फार तर केटी७७, एवढ्यातच राहा.

आता मुख्य प्रश्न. नव्या ट्यूब अजून खोक्यातच राहू द्या. प्लेट लाल होते याचा अर्थ ट्यूबमधून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट जातोय. तो करंट आवरणारी चावी म्हणजे कंट्रोल ग्रिड (ट्यूबमधली जाळी), पिन नंबर ५. तिथे सुमारे ३०-३५ व्होल्ट उणे (हाच बायस) असले तर ट्यूब शांत राहते. ते उणे व्होल्टेज पोचलं नाही तर जुनी ट्यूब असो की नवी कोरी, अर्ध्या मिनिटात प्लेट लाल. म्हणजे दोष ट्यूबचा नसून सर्किटचा असेल तर तुमचा नवा संच पहिल्याच संध्याकाळी खराब होईल. हे मी दुरुस्तीला आलेल्या अ‍ॅम्पमध्ये इतक्या वेळा पाहिलं आहे, की नवी ट्यूब हातात घेण्याआधी ग्रिड मोजल्याशिवाय मी पुढे जात नाही.

तुमच्या वर्णनात एक फार उपयोगी गोष्ट आहे: एकच ट्यूब लाल झाली. एसटी-७० हे १९५९चं डिझाइन. त्यात चारही ट्यूबना उणे व्होल्टेज देणारा एकच छोटा सप्लाय असतो, आणि मूळ अ‍ॅम्पमध्ये तिथे सेलेनियम रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) असतो. पुढे प्रत्येक चॅनेलला एक पॉट (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा रेझिस्टन्स), आणि त्या एका पॉटवर त्या चॅनेलच्या दोन्ही ट्यूब. त्यामुळे सप्लायच बसला असता तर चारही ट्यूब लाल व्हायला हव्या होत्या. डावा पॉट तुटला असता तर डावीकडच्या दोन्ही. एकच लाल झाली याचा अर्थ संशय त्या एका बेसपुरता उरतो: ती ट्यूब, तिच्या ग्रिडला जाणारा कपलिंग कंडेन्सर (मागच्या टप्प्याचा सिग्नल पुढे देणारा, डीसी अडवणारा), तिचा ग्रिडचा २७० किलोओहमचा रेझिस्टन्स, किंवा बेसमधली पाच नंबरची ढिली पिन. शेजारची ट्यूब अगदीच म्हातारी असेल तर ती बायस नसतानाही लाल होणार नाही, म्हणून पॉट आणि सप्लाय तपासायचेच. पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून कळतं.

हात घालण्याआधी जिवाची काळजी. या अ‍ॅम्पमध्ये ४०० व्होल्टच्या वर डीसी आहे आणि बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये राहू शकतो. प्लग काढा, मग १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपने रेक्टिफायर ट्यूब जीझेड३४च्या पिन ८ आणि चेसिसमध्ये (धातूच्या सांगाड्यामध्ये) दहा-पंधरा सेकंद धरा. नंतर मीटरने मोठ्या कंडेन्सरची प्रत्येक टर्मिनल तपासा. शून्याजवळ दिसल्याशिवाय बोट लावू नका. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करायची सवय काही जुन्या मिस्त्रींना असते, ती उचलू नका. चालू अ‍ॅम्पवर मोजायचं असेल तर काळी क्लिप आधीच चेसिसला लावून ठेवा आणि एकाच हाताने काम करा. मीटर आणि त्याच्या वायरी ६०० व्होल्टच्या वरच्या हव्यात, फुटपाथवरच्या स्वस्त वायरी इथे चालणार नाहीत. हे सगळं वाचून मन कचरत असेल तर जाणकाराकडे न्या, त्यात काहीच कमीपणा नाही.

पहिली तपासणी अशी. चारही ईएल३४ काढा आणि रेक्टिफायर जीझेड३४ही काढा. अ‍ॅम्प सिरीज बल्बवर घ्या, म्हणजे मेन्सच्या वायरीत मध्ये एक बल्ब जोडा. जुना १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब लागेल, एलईडी चालत नाही. जीझेड३४ नसल्यामुळे मोठं व्होल्टेज तयारच होत नाही, पण बायस सप्लाय ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या टॅपवरून चालतो, त्यामुळे तो जिवंत राहतो. आता प्रत्येक बेसच्या पिन ५वर उणे व्होल्टेज मोजा. चारही ठिकाणी ते दिसलं पाहिजे, एका चॅनेलच्या दोन बेसवर जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे, आणि पॉट फिरवताना सलग बदललं पाहिजे. मध्येच उडी मारत असेल किंवा क्षणभर शून्याकडे जात असेल तर पॉट बदला. इथे डिजिटल मीटरच वापरा. काट्याचा जुना मीटर ५० व्होल्टच्या रेंजवर साधारण एक मेगओहमचा भार टाकतो, आणि २७० किलोओहममधून मोजताना तो पाचवा हिस्सा कमी दाखवेल.

इथे एक इशारा. काही जण फक्त ईएल३४ काढतात आणि जीझेड३४ तशीच ठेवून चालू करतात. असं करू नका. ट्रान्सफॉर्मरची हाय व्होल्टेज वाइंडिंग ३६०-०-३६० आहे. भार नसताना कंडेन्सरवर ३६० गुणिले १.४१४, म्हणजे ५०९ व्होल्टपर्यंत चढू शकतं, आणि घरचं व्होल्टेज पाच टक्के जास्त असेल तर ५३४. साठ वर्षांच्या कंडेन्सरला हे सोसवणार नाही.

सेलेनियम रेक्टिफायर आज चालत असला तरी काढून टाका. वय झालं की त्याचा आउटपुट कमी होत जातो, आणि बायस कमी झाला की चारही ट्यूब धोक्यात. त्याजागी १एन४००७ डायोड लावा. पट्टीची बाजू ट्रान्सफॉर्मरकडे, कारण आपल्याला उणे व्होल्टेज हवं आहे. त्यामागचे दोन ५० मायक्रोफॅरडचे कंडेन्सरही याच वेळी बदला. यांचं अधिक (+) टोक चेसिसला जातं, हे नेहमीच्या उलट असल्याने दोनदा पाहून सोल्डर मारा. मायक्रोफॅरडचा आकडा आणि दिशा जुन्या कंडेन्सरवरून कागदावर उतरवून मगच तो काढा. सिलिकॉन डायोडमध्ये व्होल्टेज कमी पडत असल्याने बायस थोडा वाढतो. पॉट टोकाला नेऊनही करंट पुरेसा वर येत नसेल तर डायोडला सिरीजमध्ये रेझिस्टन्स घालून तो खाली आणता येतो.

वरच्या तपासणीत एक दोष मात्र दिसत नाही, आणि तुमच्या बाबतीत माझा सगळ्यात जास्त संशय त्याच्यावरच आहे: कपलिंग कंडेन्सरची गळती. मोठं व्होल्टेज बंद असल्याने तो इथे निर्दोष वाटतो. समजा त्याच्या मागच्या बाजूला ३०० व्होल्ट आहेत आणि तो फक्त १० मेगओहमइतका गळतोय. साध्या मीटरने त्याला कोणी खराब म्हणणार नाही. पण २७० किलोओहमवर त्याने जवळजवळ नऊ व्होल्ट अधिक येतात, म्हणजे उणे ३४चा बायस उणे २५ होतो. ट्यूब लाल व्हायला एवढं पुरतं. चार कंडेन्सर आहेत, ०.१ मायक्रोफॅरडचे. ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन बर्डीवर सहज मिळतात. तपासत बसू नका, चारही बदला.

बेस स्वच्छ करा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जुनी ट्यूब चार-पाच वेळा घालून काढा, मग प्रत्येक पिनची पकड पाहा. ढिली असेल तर बारीक सुईने पाकळी जवळ आणा. पाच नंबरची पिन अर्धवट टेकत असेल तर बायस येतो-जातो, आणि हा दोष नेमका अ‍ॅम्प तापल्यावर उगवतो.

आता नव्या ट्यूब. एसटी-७०मध्ये चॅनेलला एकच पॉट असल्याने दोन ट्यूबचा करंट वेगवेगळा लावता येत नाही, म्हणून जोडी जुळलेली हवीच. खोक्यांवर मोजलेला करंट लिहिलेला असतो. सर्वांत जवळचे दोन आकडे एका चॅनेलला द्या. मूळ अ‍ॅम्पमध्ये दोन्ही ट्यूबचे कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारी टोकं) एका १५.६ ओहमच्या रेझिस्टन्समधून चेसिसला जातात. १.५६ व्होल्ट म्हणजे दोघींचे मिळून १०० मिलिअँपिअर. यात एक ट्यूब ६५ आणि दुसरी ३५ घेत असली तरी मीटर १.५६च दाखवेल. त्यामुळे शक्य असेल तर तो रेझिस्टन्स काढून प्रत्येक कॅथोडला वेगळा १० ओहम, एक टक्क्याचा, लावा. मग ०.४० व्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर, प्रत्येक ट्यूबचं वेगळं दिसेल. मूळचाच ठेवायचा असेल तर बंद अ‍ॅम्पवर तो आधी मोजा. जुना रेझिस्टन्स १७ ओहमवर गेला असेल तर १.५६ व्होल्ट म्हणजे १०० नव्हे, ९२ मिलिअँपिअर होतात.

पण १.५६ हा आकडा तुम्ही लावावा असं मला वाटत नाही. तो त्या काळच्या ट्यूबसाठी आणि ११७ व्होल्टच्या अमेरिकन लाइनसाठी ठरवलेला आहे. तुमचा अ‍ॅम्प नागपुरात, स्टेप-डाऊनवर चालतोय. २२०ला ११० देणारा स्टेप-डाऊन असेल आणि घरात २४५ येत असतील तर अ‍ॅम्पला १२२ पेक्षा जास्त मिळतात. हीटर ६.३ऐवजी ६.६वर जातो आणि प्लेटचं व्होल्टेजही पाच टक्के चढतं. शिवाय अमेरिकेत ६० हर्ट्झ आहे. ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, म्हणून ११७च्या वर जाणं आणखी टाळायचं. उन्हाळ्यात दुपारी सगळ्या गल्लीचे कूलर-एसी चालू असताना व्होल्टेज खाली, आणि पहाटे वर. तुम्ही ज्या वेळी गाणी ऐकता त्या वेळी दोन-चार दिवस मीटर लावून पाहा आणि ११५-११७ देणारा, टॅप असलेला स्टेप-डाऊन बनवून घ्या. ५०० व्हीएचा घ्या म्हणजे तोही तापणार नाही. आणि अ‍ॅम्पची दोन वायरची मूळ केबल काढून तीन वायरची लावा, अर्थिंग चेसिसला.

मग हिशेब साधा आहे. ईएल३४ची प्लेट जास्तीत जास्त २५ वॉट सोसते. विश्रांतीत, म्हणजे गाणं वाजत नसताना, त्याच्या ७० टक्क्यांच्या आसपास राहायचं: साडेसतरा वॉट. पिन ३वर चेसिसच्या तुलनेत किती व्होल्ट आहेत ते मोजा. समजा ४३० आले. ४० मिलिअँपिअरला ४३० ने गुणलं तर १७.२ वॉट. हेच आपलं लक्ष्य. कॅथोडमधून मोजलेल्या करंटमध्ये स्क्रीन ग्रिडचाही (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचाही) थोडा वाटा असतो, त्यामुळे प्लेटवर प्रत्यक्षात याहून जरा कमीच पडतं. तो फरक सुरक्षित बाजूचा आहे. मूळ १५.६ ओहमवर हेच लावायचं तर दोघींचे ८० मिलिअँपिअर, म्हणजे १.२५ व्होल्ट. १.५६ लावला तर याच व्होल्टेजवर प्रत्येक ट्यूब साडेएकवीस वॉटवर जाते. मर्यादेत आहे, पण मे महिन्यात खोलीतच ४० अंश असताना मला ते पटत नाही. आवाजात फरक पडेल का, असं विचाराल तर अगदी हळू आवाजात ५० मिलिअँपिअरवर किंचित मऊपणा जास्त असतो हे मी मान्य करतो. पण त्यासाठी ट्यूब आणि आज सहज न मिळणारा ट्रान्सफॉर्मर यांचं आयुष्य खर्च करावं इतका तो फरक मोठा नाही.

प्रत्यक्ष बायस लावताना स्पीकर किंवा ८ ओहमचा भार जोडलेलाच हवा, इनपुट शॉर्ट करून ठेवा. दोन्ही पॉट आधी सर्वांत जास्त उणे बाजूला न्या; ही बाजू कोणती ते तुम्ही पहिल्या तपासणीत पाहून ठेवलंच असेल. ट्यूब घालताना मधल्या खुंटीची खाच नीट जुळवा. पहिल्यांदा चालू करताना दिवे मंद करा आणि पहिली दोन मिनिटं नजर ट्यूबवरच ठेवा. वर-खाली दिसणारी नारिंगी चमक हीटरची, ती हवीच. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर घाबरायचं कारण नाही. राखाडी प्लेटच्या पत्र्यावर, विशेषतः जोडाच्या रेषेत, लाल डाग उमटू लागला तर तत्काळ बंद. प्लेटच्या आत जांभळट-गुलाबी धुकं दिसलं तर ट्यूबमध्ये गॅस आहे, ती परत करा. चांदीसारखा चकाकणारा भाग पांढरा पडला असेल तर हवा शिरली आहे, ती चालूच करू नका.

पाच मिनिटांनी पॉट हळूहळू फिरवत ३५ मिलिअँपिअरपर्यंत या, मग दुसरं चॅनेल. दोन्ही चॅनेल एकाच सप्लायवर असल्याने एक बदललं की दुसरं सरकतं, म्हणून आळीपाळीने दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. अर्ध्या तासाने ४०वर आणा. पिन ३चं व्होल्टेज पुन्हा मोजा, गुणाकार पुन्हा करा. समोरच्या ऑक्टल (आठ पिनच्या) सॉकेटवर बायस मोजायची सोय आहे, पण त्याच सॉकेटमध्ये प्रीअ‍ॅम्पसाठी मोठं व्होल्टेजही आलेलं असतं. प्रोब घसरला तर अनर्थ होईल. मी नेहमी चालू करण्याआधी कॅथोडला क्लिप लावून ठेवतो. पॉट फिरवायला प्लास्टिकचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या.

एका चॅनेलच्या दोन ट्यूबमध्ये चार-पाच मिलिअँपिअरचा फरक असेल तर राहू द्या. दहाच्या वर असेल तर दोघींच्या जागा आपसात बदला, अर्थात बंद करून, गार होऊ देऊन. जास्त करंट ट्यूबबरोबर सरकला तर ट्यूबची जोडी जुळलेली नाही. करंट त्याच बेसवर राहिला तर दोष बेसमागे आहे आणि कंडेन्सर-रेझिस्टन्सकडे परत जायचं.

जीझेड३४ची ट्यूब चांगली असेल तर तीच ठेवा. ती सावकाश तापते, त्यामुळे ईएल३४ तयार होईपर्यंत मोठं व्होल्टेज येत नाही. तिच्या जागी बसणारे सिलिकॉन प्लग मिळतात, ते व्होल्टेज लगेच आणि जास्त देतात. या अ‍ॅम्पला ते नको. ड्रायव्हरच्या, म्हणजे ईएल३४ना सिग्नल देणाऱ्या ७१९९ ट्यूब मिळणं अवघड झालं आहे. त्या चांगल्या असतील तर उगीच काढू-घालू नका.

अ‍ॅम्प ठेवायचा कुठे याचाही विचार करा. चार हीटर मिळून ३८ वॉट आणि चार प्लेट मिळून सुमारे ७० वॉट, म्हणजे शंभर वॉटच्या वर उष्णता सतत हवेत जाते. शोकेसच्या बंद कप्प्यात तो ठेवू नका, वर निदान एक फूट मोकळा राहू द्या. कूलरच्या थेट झोतातही नको: तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला तर काच तडकते, आणि दमट धूळ बेसच्या पिनांमध्ये बसली की ग्रिडवर गळती सुरू होते.

नव्या ट्यूब पहिल्या काही दिवसांत सरकतात, म्हणून आठवड्याने बायस पुन्हा पाहा, महिन्याने पुन्हा, मग वर्षातून दोनदा, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये. जुन्या चारही ट्यूब फेकू नका. त्या काळच्या डायनाकोमध्ये इंग्लंडच्या मुलार्डच्या ट्यूब बऱ्याचदा सापडतात, आणि कंडेन्सर बदलल्यावर ती लाल झालेली ट्यूबसुद्धा ठणठणीत निघू शकते. १० ओहमचे रेझिस्टन्स लावून झाले, की उजवीकडच्या जोडीपासून सुरुवात करून एकेक तपासा आणि आलेला करंट व त्या वेळचं प्लेट व्होल्टेज चिठ्ठीवर लिहून ट्यूबच्या बुडाला चिकटवा.